‘हम दोनो’, ‘कोकण डान्स’ आणि जुलै महिना: युरोपातल्या जॅझच्या नव्या आवृत्त्या

‘कोकण डान्स’ असं नाव छापलेली रेकॉर्ड समोर आली की रत्नागिरी-मालवणकडचा माणूस ती उचलणारच. उचलावी, पण युरोपातल्या जुन्या जॅझ अल्बमांच्या खरेदीच्या यादीत तिला तिसऱ्या क्रमांकावर ठेवावी. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातला, 1936 साली मुंबईत जन्मलेला गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला पोचला. तिथल्या पहिल्या फळीच्या जॅझ वादकांबरोबर त्याने जे अल्बम केले, त्यांतला हा सगळ्यात उशिरा बाहेर आलेला. 1970च्या दशकाच्या सुरुवातीच्या टेप्स कपाटात पडून होत्या. 2006 साली व्होकॅलियन या ब्रिटिश लेबलने त्या पहिल्यांदा सीडीवर आणल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या द राउंडटेबल या कंपनीने एलपी काढली. संगीत गोड आहे, मोकळं आहे, पण डिसिल्वाची धार पाहायची तर आधी ‘हम दोनो’ ऐकायला हवा.

‘हम दोनो’ 1969चा. यातला दुसरा ‘हम’ म्हणजे आल्टो सॅक्सोफोनवाला जो हॅरियट. किंग्स्टन, जमैकात जन्मलेला हा वादक 1951 साली इंग्लंडला आला आणि 1960मध्येच त्याने बांधीव चौकट सोडून मुक्त वादनाचे प्रयोग ध्वनिमुद्रित केले. सोबत डेव्ह ग्रीन बासवर, ब्रायन स्प्रिंग ड्रम्सवर, इयान कार ट्रंपेटवर, आणि शब्दांशिवाय गाणारी नॉर्मा विन्स्टन. हॅरियटचा सूर टोकदार आहे, जरा अंगावर येणारा. डिसिल्वा त्याच्याशी भांडत नाही. तो कॉर्डचा मारा टाळून एकेरी स्वरांच्या ओळी वाजवतो आणि जागा सोडतो. ‘बॅलड फॉर गोवा’मध्ये हे नीट कळतं. संथ चाल आहे, कुठेही पर्यटन खात्याची जाहिरात वाटत नाही.

मूळ कोलंबिया प्रेसिंगच्या, म्हणजे ईएमआयच्या कोलंबिया लेबलने तेव्हा काढलेल्या प्रतींच्या, नादी लागू नका. त्या काळी ब्रिटिश जॅझच्या प्रती फारच थोड्या निघत, त्यामुळे आज चांगल्या प्रतीची किंमत ऐकून घरचे दार लावून घेतील. शिवाय निर्माता डेनिस प्रेस्टन स्वतंत्र माणूस होता. लंडनच्या हॉलंड पार्कमधल्या लॅन्सडाउन स्टुडिओत तो स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रण करायचा आणि तयार टेप ईएमआयला प्रकाशनासाठी द्यायचा. कंपनी स्वतःच्या मालाचं जसं दर दहा वर्षांनी पुनर्प्रकाशन करते तसं या अल्बमांचं झालं नाही, ते यामुळेच. व्होकॅलियनच्या सीडीने ही अडचण सोडवली. आवाज स्वच्छ आहे, बास गुबगुबीत केलेला नाही, टेपची हलकी सळसळ पुसून टाकण्याचा अट्टहास नाही. कोकणात राहणाऱ्याने हा अल्बम सीडीवरच घ्यावा असं स्पष्ट मत आहे. एलपीवाले नाक मुरडतील, पण ओल हा विषय पुढे येतोच आहे.

लॅन्सडाउनचा आवाज आवडला तर पुढची पायरी म्हणजे डॉन रेंडेल-इयान कार क्विंटेटचा पाच एलपींचा संच. 1965 ते 1969 या काळातले त्यांचे पाचही अल्बम जॅझमन रेकॉर्ड्सने 2018 साली एकत्र काढले. डिसिल्वाच्या 1969च्या ‘इंटिग्रेशन’मध्येही रेंडेल आणि कार आहेत, म्हणून तो दुवा आपोआप जुळतो. संच महाग आहे आणि जड आहे. पाच एलपी, पेटी आणि पॅकिंग धरून दोन किलोच्या आसपास वजन जातं, आणि परदेशातून मागवताना खरी चपराक त्या वजनाची बसते. डाकखर्चही किमतीत धरून त्यावर कर लागतो, हे हिशेबात घ्या.

आता मराठी वाचकाने खास लक्ष द्यावं असं एक नाव: केशव साठे. जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांच्या ‘इंडो-जॅझ स्वीट’ (1966) आणि ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ (1967) या अल्बमांवर तबला साठ्यांचा आहे. सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. पाच जॅझवाले, पाच भारतीय पद्धतीचे, असा दुहेरी पंचक. रचना मेयरची, आणि ती जवळजवळ सगळी लिहिलेली. इथेच घोटाळा होतो. ज्याने आयुष्यभर समेवर येण्याची गंमत ऐकली आहे त्याला हा तबला हात बांधल्यासारखा वाटेल. राग घेतलाय, ताल मोजलाय, पण बढत नाही. हॅरियटचे सोलो सुरू झाले की जीव येतो, ते संपले की पुन्हा कवायत. ऐतिहासिक म्हणून एकदा ऐका. पैसे घालायचे तर दुसरीकडे घाला.

ते दुसरीकडे म्हणजे जर्मनीतलं व्हिलिंगेन. 1967 साली हेच साठे आणि मोतीहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर, असे तिघे तिथे गेले आणि पियानोवादक इरेन श्वाइट्झरच्या त्रिकुटाबरोबर ‘जॅझ मीट्स इंडिया’ वाजवून आले. ट्रंपेटवर मानफ्रेड शूफ, सॅक्सोफोनवर बार्ने विलेन. इथे कुणी कुणाच्या हातात नोटेशन कोंबलेलं नाही. दोन्ही बाजू आपापलं वाजवतात, कधी जुळतं, कधी चक्क जुळत नाही, आणि जिथे जुळत नाही तिथेही ऐकावंसं वाटतं.

व्हिलिंगेनची गंमत वेगळी सांगायला हवी. साबा ही तिथली रेडिओ-टीव्ही बनवणारी कंपनी. मालकांच्या घराण्यातल्या हान्स गेऑर्ग ब्रुनर-श्वेर यांना ध्वनिमुद्रणाचं वेड. घरात दिवाणखान्यात पियानो आणि मोजके पाहुणे, वरच्या मजल्यावर यंत्रं. पियानोवादक ऑस्कर पीटरसन 1963पासून 1968पर्यंत तिथे येऊन वाजवत राहिला. दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे आधीच्या बैठका लगेच विकता आल्या नाहीत. 1968 साली एमपीएस हे लेबल सुरू झाल्यावर त्या ‘एक्सक्लुझिव्हली फॉर माय फ्रेंड्स’ या मालिकेत सहा एलपींतून बाहेर पडल्या. मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ लावलेले असल्यामुळे पियानो पूर्ण खोलीभर पसरल्यासारखा येतो. काहींना हे अती वाटतं. एकट्याने वाजवलेला ‘माय फेव्हरिट इन्स्ट्रुमेंट’ (1968) घेऊन बघा, नाही पटलं तर बाकीचे पाच घेऊ नका. एमपीएसचा सगळा खजिना 2014पासून एडेल या जर्मन कंपनीकडे आहे आणि ऑप्टिमल हा रेकॉर्ड दाबायचा कारखानाही त्यांचाच, त्यामुळे दाबणीचा दर्जा एकसारखा राहतो.

वर बार्ने विलेनचं नाव आलं. दहा वर्षं मागे गेलं की हाच विलेन, वय वर्षं वीस, पॅरिसमध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या शेजारी उभा दिसतो. 4 डिसेंबर 1957च्या रात्री ल पोस्त पारिझियें स्टुडिओत फ्रेंच दिग्दर्शक लुई मालच्या चित्रपटासाठी पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित झालं. पियानो रने उर्त्रेजे, बास पिएर मिशलो, ड्रम्स केनी क्लार्क, जो 1956पासून पॅरिसचाच झाला होता. पडद्यावर दृश्यं चालू, हातात दोन-चार कॉर्डची टिपणं, बाकी तिथल्या तिथे. ‘आसांसर पूर लेशाफो’ या नावाच्या आज बाजारात ढीगभर आवृत्त्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक टाकाऊ आहेत.

कारण कायद्यात आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क आधी 50 वर्षं होता. 2013मध्ये तो 70 वर्षं झाला, पण ज्यांची मुदत तोवर संपून गेली होती त्यांना वाढ मिळाली नाही. म्हणजे 1962च्या अखेरीपर्यंत प्रकाशित झालेलं सगळं तिथे खुलं, 1963पासूनचं बंद. म्हणून 1957च्या या अल्बमची कोणीही आवृत्ती काढतो: मूळ टेप हातात नसते, कुणाची तरी सीडी घ्यायची, तिच्यावरून एलपी कापायची, वर 180 ग्रॅमचा सोनेरी स्टिकर चिकटवायचा. वजनाने आवाज सुधारत नाही. 180 ग्रॅमची तबकडी थोडी कमी वाकते, इतकाच फायदा.

खोटी आवृत्ती ओळखायची कशी? मागच्या बाजूला टेपबद्दल एक अक्षर नसतं. मास्टरिंग, म्हणजे कापणीआधी आवाजाची शेवटची जुळणी, कुणी केली ते नाव नसतं. मूळ अल्बमला न जुळणारी तीन-चार ‘बोनस’ गाणी भरलेली असतात आणि त्यामुळे एका बाजूला 25-26 मिनिटं कोंबलेली. बाजू लांबली की खाचा जवळ येतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते, आणि शेवटचं गाणं आतल्या घेरात फाटतं. या अल्बमच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. 1958च्या फोंताना आवृत्तीत वरून प्रतिध्वनी मिसळला होता. 1988च्या फोंतानाच्या सीडीत तो न मिसळलेले, त्या रात्रीचे सगळे टेक आले. दोन्ही ऐकण्यासारखे आहेत: ओला ट्रंपेट चित्रपटाचा, कोरडा ट्रंपेट माणसाचा. कोणता दिला आहे हे ज्या आवृत्तीवर लिहिलेलं नाही, ती ठेवून द्या. जुनी 1988ची सीडी सेकंडहँड मिळाली तर डोळे झाकून घ्या.

आता 1963ची रेषा. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचा ‘अवर मॅन इन पॅरिस’ 23 मे 1963 रोजी पॅरिसच्या सीबीएस स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, म्हणजे जेमतेम त्या रेषेच्या पलीकडे. पियानोवर बड पॉवेल, 1959पासून पॅरिसमध्ये. बास आणि ड्रम्सवर पुन्हा मिशलो आणि क्लार्क. पॉवेलला नवीन रचना वाजवायच्या नव्हत्या, म्हणून सगळ्या जुन्या ओळखीच्या चाली. त्याने अल्बमचं भलंच झालं. पुढच्या वर्षी, 2 जून 1964 रोजी, त्याच स्टुडिओत ‘वन फ्लाइट अप’. बासवर नील्स-हेनिंग अर्स्टेड पेडरसन, अठरा वर्षं पूर्ण होऊन आठवडाही झाला नव्हता. पहिली अख्खी बाजू ‘तान्या’ या एकाच रचनेची, अठरा मिनिटांची. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ही बाजू कंटाळवाणी वाटणार नाही. एकच आवर्तन घट्ट धरून ठेवलंय आणि त्यावर एकेक जण सावकाश बोलतो.

‘वन फ्लाइट अप’ ब्लू नोट या अमेरिकन जॅझ लेबलच्या टोन पोएट या पुनर्प्रकाशन मालिकेत आहे. मास्टरिंग करणाऱ्या केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपवरून थेट कापलेली, मध्ये संगणक नाही. लेबलच्या कडेच्या रिकाम्या घेरात ‘केपीजी ॲट सीए’ अशी इंग्रजी अक्षरं हाताने कोरलेली असतात. भिंग लावून पाहा. आवाजाबद्दल एक सावधगिरी: ब्लू नोट म्हटलं की ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओचा समोर येऊन आदळणारा ड्रम अपेक्षित असतो. पॅरिसमध्ये मुद्रण दुसऱ्यांनी केलं. इथे खोली जास्त ऐकू येते, वादक दोन पावलं मागे. हा दोष नाही, पण पहिल्यांदा ऐकताना ‘प्रेसिंग मऊ आहे’ असा गैरसमज होतो.

म्युनिकच्या ईसीएम या लेबलचा पहिलाच अल्बम, पियानोवादक मॅल वॉल्ड्रनचा ‘फ्री ॲट लास्ट’ (नोव्हेंबर 1969), 2019मध्ये दोन एलपींवर वाढीव सामग्रीसह आला. चांगला आहे, दाबणीत खरखर नाही, इतकं पुरे. कोपनहेगनच्या जॅझचा विषय इतका मोठा आहे की इथे हात घालत नाही.

रेकॉर्ड हातात आली की पहिल्या दोन दिवसांत तपासायच्या गोष्टी, कारण विक्रेते तक्रार घेतात ती थोडेच दिवस. पार्सल मे महिन्यात आलं असेल तर लगेच फोडू नका. तापलेल्या गाडीतून आलेली तबकडी आधी सहा-सात तास खोलीत आडवी राहू द्या. वाजवताना टोनआर्म बाजूने डोलतोय का ते पाहा. डोलत असेल तर भोक मध्यावर नाही. 33⅓ वेगाला एक फेरी 1.8 सेकंदांची, म्हणून लांब सूर दर 1.8 सेकंदाला किंचित चढतो-उतरतो. ‘आसांसर’सारख्या लांब ट्रंपेटच्या अल्बममध्ये हे छळतं, ड्रम्सवर कळतही नाही. आर्म वरखाली होत असेल तर तबकडी वाकली आहे. थोडा बाक असेल तर 5-6 मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये आडवी ठेवून आठवडाभर वाट पाहा. उन्हात घालून सरळ करण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादाने नाल्यांसारखी पन्हळ झालेल्या रेकॉर्डी दिसतात. जॅकेटची वरची कड फाटलेली येते ती तबकडी आत सरकून आपटल्यामुळे. ऑर्डर देतानाच ‘तबकडी जॅकेटबाहेर ठेवून पाठवा’ असं लिहा.

यापुढचं सगळं पावसाचं. जुलैमध्ये किनाऱ्यावर हवेत 85 ते 90 टक्के आर्द्रता असते आणि बुरशीला साधारण 65-70च्या वर गेलं की पुरे. पीव्हीसी तबकडीला बुरशी खात नाही. ती जगते जॅकेटच्या पुठ्ठ्यावर, खळीवर, बोटांच्या तेलावर, आणि तिथून खाचांत उतरते. म्हणून टोन पोएटची ती देखणी जाड जॅकेटं, पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवलेली, इथे सगळ्यात आधी जातात. कसर लागते तीही तिथेच. आगोटीच्या कामांत हे काम धरा: कागदी आतली पिशवी काढून पॉलिथिनची घाला, कागदी पिशवी जपायची असेल तर वेगळी. बाहेरचं कव्हर पॉलिप्रॉपिलीनचं, तोंड उघडं. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मऊ, जाड, वास येणारी पीव्हीसी कव्हरं नकोत. त्यांतला मऊपणा आणणारा द्रव तबकडीवर उतरतो आणि ढगाळ डाग पडतो, जो कशानेही निघत नाही.

जांभ्याच्या भिंतीला कपाट टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. चिरा पाणी धरून ठेवतो आणि कपाटाची मागची फळी आधी काळी पडते. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर, वाळवीसाठीही ते बरं. आंब्याच्या पेट्या एलपीच्या मापाच्या दिसतात म्हणून वापरायचा मोह होतो, पण ते कच्चं लाकूड ओल सोडत राहतं. शंभर एलपींच्या बंद कपाटाला अर्धा किलो सिलिका जेल लागतं, तेही रंग बदलणारं. रंग उतरला की 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. तीन दिवसांतच रंग उतरत असेल तर दोष जेलचा नाही, कपाटाच्या दाराला फट आहे.

याहून स्वस्त उपाय कॅमेरेवाल्यांचा: कपाटाच्या तळाला 15 वॅटचा जुना पिवळा बल्ब. 27 अंशांना 90 टक्के आर्द्रता असलेली हवा 32 अंशांपर्यंत तापली की आर्द्रता 67 टक्क्यांवर येते, पाणी तितकंच असूनही. एलईडी चालत नाही, उष्णता हवी. बल्ब आणि सगळ्यात खालची रेकॉर्ड यांत फूटभर अंतर आणि मध्ये पत्रा, नाहीतर जवळच्या दोन-तीन तबकड्या वाकतील.

बुरशी आलीच तर आधी घराबाहेर, तोंडाला फडकं बांधून, मऊ ब्रशने कोरडी झाडा. मग 800 मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, 200 मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने पुसा, लेबल कोरडं ठेवा, नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार खाचांत बसून कायमची खरखर करतात. पावसाळ्यात पंख्याखाली दोन तास उभी सुकवल्याशिवाय पिशवीत घालू नका. आणि माळ्यावर आजोबांच्या नाट्यसंगीताच्या 78च्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण लावू नका. त्या लाखेच्या, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर तो प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्वस्त इन्व्हर्टरवर स्पीकरमधून घरघर येते, आणि टर्नटेबलची मोटर थेट एसीवर चालणारी असेल तर तिचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो. व्होल्टेज कमी झाल्याने डेक्स्टर गॉर्डनचा सूर उतरत नाही, फ्रिक्वेन्सी घसरली तर उतरतो. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही. खाऱ्या हवेने कार्ट्रिजच्या (टोनआर्मच्या टोकाला सुई धरणाऱ्या भागाच्या) चार पिना आणि मागचे सॉकेट हिरवट होतात आणि एका बाजूचा आवाज अधूनमधून जातो. सुई बदलण्याआधी तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहा.

ऑर्डरचं वेळापत्रक: एलपी गणपतीनंतर मागवा, म्हणजे पार्सल ऑक्टोबरात, कोरड्या हवेत येईल. सीडी कधीही, फक्त पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या सीडीऐवजी प्लॅस्टिकच्या डबीतली निवडा.